तिकीट खिडकी बंद असताना प्रवास केला, तर दंड द्यावा लागतो का?

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या लहान हॉल्टवर फक्त पॅसेंजर गाड्या थांबतात. तिकीट देणारा एजंट पहाटेच्या गाडीला अनेकदा हजरच नसतो. मागील महिन्यात याच कारणाने मी व माझी आई तिकिटाविना गाडीत बसलो आणि जंक्शनवर उतरल्यावर तपासनिसांनी आम्हा दोघांकडून भाड्याबरोबर दंडही घेतला. तिकीट देण्याची सोय रेल्वेनेच ठेवली नसेल, तर असा दंड घेणे योग्य आहे का?
– एक वाचक

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, मात्र खिडकी बंद होती एवढ्याच कारणावरून दंड आपोआप माफ होत नाही. भाडे देणाऱ्या प्रवाशाला तिकीट पुरवले पाहिजे, असे रेल्वे अधिनियम, 1989 चे कलम 50 सांगते. परंतु त्याच कायद्याच्या कलम 55 नुसार योग्य तिकीट किंवा पास जवळ असल्याशिवाय, अथवा त्यासाठी अधिकार असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय, कोणालाही प्रवासासाठी डब्यात चढता येत नाही. परवानगीची ही तरतूद फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असते आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे.

अशी परवानगी दिल्यावर, प्रवाशाने अंतराचे भाडे नंतर भरावे या अटीवर त्याला प्रवासाची मुभा दिली आहे, असा लेखी दाखला कर्मचाऱ्याने सामान्यतः द्यावयाचा असतो. गाडीवर हा दाखला गार्डकडे मागावा. 2022 पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात आणि ते गाडीच्या शेवटच्या टोकाला असतात. दाखला जवळ असेल, तर कलम 138 प्रमाणे जादा आकार (म्हणजेच दंड) घेता येत नाही, केवळ भाडे द्यावे लागते. दाखला नसेल, तर भाड्याइतकी रक्कम किंवा 250 रुपये, यांपैकी जी अधिक असेल ती भाड्याशिवाय वेगळी भरावी लागते. म्हणजे भाडे 30 रुपये असेल, तर प्रत्येकी 280 रुपये होतात.

तोंडी परवानगीवर विसंबू नये. गाडीत गार्ड ‘बसा’ म्हणाले आणि उतरल्यावर तपासनिसांना ते ठाऊकच नसले, तर आपल्या म्हणण्याला आधार उरत नाही. दाखल्यावर चढण्याचे स्थानक, उतरण्याचे स्थानक, तारीख आणि प्रवाशांची संख्या लिहिली आहे ना, हे तेथेच वाचून घ्यावे.

आणखी एक गोष्ट तुमच्या पावतीवर अवश्य पाहा. प्रवासी कोठून चढला याबद्दल शंका असेल, तर गाडी जेथून सुटली तेथपासूनचे भाडे आकारण्याची मुभा कायद्यात आहे. वाटेत तिकीट तपासणी झाली असेल, तर शेवटची तपासणी जेथे झाली तेथपासून. म्हणून हॉल्टच्या नावाचा फलक आणि बंद खिडकी यांचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे. ते तिकिटाची जागा घेत नाही, पण तुम्ही कोठे होता हे दाखवण्यास उपयोगी पडते. पावतीवर तुमच्या हॉल्टऐवजी गाडीचे मूळ स्थानक लिहिलेले असेल, तर ते छायाचित्र व पावती जोडून ‘रेल मदद’ या रेल्वेच्या तक्रार संकेतस्थळावर किंवा 139 या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार करा. एजंटच्या गैरहजेरीची तक्रार वेगळी आणि प्रत्येक वेळी, गाडी क्रमांक व वेळेसह नोंदवा. एकदा केलेली तोंडी तक्रार विसरली जाते.

तरीही हा मार्ग पुरेसा आहे असे मला वाटत नाही. गाडी हॉल्टवर जेमतेम मिनिटभर थांबते. तेवढ्या वेळात वयस्कर बाईने शेवटच्या डब्यापर्यंत धावत जाऊन दाखला मागावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. एजंट गैरहजर असेल त्या दिवशी दाखला कोठे मिळेल, हे सांगणारा ठळक मराठी फलक प्रत्येक हॉल्टवर असलाच पाहिजे. तोवर घरातल्या तरुण माणसाने आधीच फलाटाच्या त्या टोकाला उभे राहावे आणि सर्वांसाठी मिळून दाखला मागावा.

प्रश्न : आमच्या स्थानकावरील तिकीट यंत्र बंद असते, म्हणून मी मोबाइलवर तिकीट काढतो. एकदा पैसे खात्यातून गेले, पण तिकीट आले नाही. बँकेचा संदेश तपासनिसांना दाखवला तर चालेल का?
– एक वाचक

उत्तर : नाही. पैसे कापल्याचा संदेश म्हणजे तिकीट नव्हे आणि अ‍ॅपमधील तिकिटाचा स्क्रीनशॉटही ग्राह्य धरला जात नाही. तिकीट अ‍ॅपमध्येच उघडून दाखवावे लागते. अनारक्षित तिकीट रुळांच्या अगदी जवळ किंवा स्थानकाच्या आवारात उभे राहून एरवी काढता येत नाही, म्हणून ते बाहेरच काढावे. आत आल्यावर, स्थानकात क्यूआर कोड लावलेला असेल, तर तो स्कॅन करण्याचा पर्याय असतो. मोबाइलची बॅटरी संपली, तर जवळ तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट ठरू शकता, याचीही आठवण ठेवा.