सात, पण कोणते सात?

प्रश्न : वय ७१, सुदामा नगर, इंदूर. लेखा विभागातून निवृत्त. रात्री चार-पाचदा लघवीला उठावं लागायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी दाखवलं, गोळी सुरू झाली, बरं वाटलं. यंदाच्या तपासणीत पीएसए (मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीची रक्ततपासणी) ८.४ आला. एमआरआयमध्ये प्रोस्टेटच्या डाव्या बाजूला १२ मिलिमीटरची गाठ, बाहेर काही नाही. बायोप्सीत सुईने काढलेल्या १२ तुकड्यांपैकी ३ मध्ये कॅन्सर निघाला. रिपोर्टवर ‘ग्लीसन ३+४=७’ लिहिलं आहे. दहापैकी सात म्हणजे बराच पुढे गेलेला, नाही का? डॉक्टर म्हणतात, पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन करून टाकू. पुण्याचा मुलगा म्हणतो, रोबोटनेच करा. मेहुणे म्हणतात, सुई लावली तिथेच घात झाला, आता तो पसरणार, देवासच्या वैद्यांकडे चला. बायकोला फक्त ‘गाठ आहे’ एवढंच सांगितलंय. काय करू? सध्याची औषधं : टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली गोळी रात्री, आणि रक्तदाबाची एक.

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. ड्युटास्टेराइड. ही गोळी प्रोस्टेट आक्रसवते आणि सहा महिने-वर्षभर घेतली की रक्तातला पीएसए साधारण निम्म्यावर आणते. कॅन्सर निम्मा होत नाही, आकडा होतो. म्हणजे तुमचा ८.४ हिशेबात १७ च्या आसपास धरायला हवा. उपचार ठरवताना पीएसए १० च्या खाली आहे की वर, यावर बरंच अवलंबून असतं. तेव्हा पहिलं काम हे, की ऑपरेशन सांगणाऱ्या डॉक्टरांना ही गोळी दोन वर्षं चालू असल्याचं ठाऊक आहे का, ते विचारा. एकाने लिहून दिलेली गोळी दुसऱ्याच्या कागदावर उतरतेच असं नाही. बायोप्सीसोबत आमच्या प्रयोगशाळेत जो फॉर्म यायचा, त्यातला चालू औषधांचा रकाना बहुधा कोराच असे.

आता सात. मी सर्जन नाही, पॅथॉलॉजिस्ट आहे. तुमच्यासारख्यांचे ते सुतळीएवढे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघून हा आकडा लिहिण्यात नोकरी गेली, आणि ज्याच्यासाठी लिहिला तो माणूस क्वचितच समोर आला. म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

ग्लीसन हे अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचे पॅथॉलॉजिस्ट. १९६६ साली त्यांनी ही पद्धत मांडली. एकेक पेशी न न्याहाळता प्रोस्टेटमधल्या ग्रंथींची रचना किती बिघडली आहे ते बघायचं आणि १ ते ५ असा नमुना ठरवायचा, ही त्यांची कल्पना. ३ म्हणजे वस्तीत बैठी घरं वेडीवाकडी उभी राहिलीत, पण प्रत्येकाला स्वतःच्या भिंती आहेत. ४ म्हणजे भिंती पडून घरं एकमेकांत घुसलीत. ५ म्हणजे घर असं उरलेलंच नाही, माणसं रस्त्यावर. तुकड्यांत जो नमुना सर्वांत जास्त दिसतो तो आधी लिहायचा, दुसरा त्याच्यापुढे, आणि बेरीज. बायोप्सीत १ आणि २ हे नमुने आता कोणी लिहीत नाही. त्यामुळे ही मोजपट्टी प्रत्यक्षात सहापासून सुरू होते आणि दहाला संपते. तुमचं ‘दहापैकी सात’ हे परीक्षेतले गुण नव्हेत, ती खालून दुसरी पायरी आहे.

शिवाय ३+४ आणि ४+३ यांची बेरीज एकच, आजार एक नाही. ३+४ मध्ये ४ चा बिघाड कमी भागात असतो, ४+३ मध्ये तोच जास्त असतो आणि तो अधिक वेगाने पुढे जातो. हा घोळ टाळण्यासाठी २०१४ पासून १ ते ५ असे ग्रेड ग्रुप आले. ३+३ म्हणजे ग्रुप १, तुमचा २, ४+३ चा ३, आठची बेरीज ४, नऊ-दहा म्हणजे ५. तुमच्या रिपोर्टमध्ये हा ग्रुप छापलेला असेल, बघा. आणखी दोन गोष्टी शोधा : नमुना ४ किती टक्के आहे, आणि ‘क्रिब्रिफॉर्म’ (चाळणीसारखी रचना) हा शब्द कुठे आहे का. पाच-दहा टक्के असेल आणि तो शब्द नसेल तर जरा निवांत बसा. शब्द असेल तर त्यावर खूण करून डॉक्टरांसमोर ठेवा.

तीन आणि चार यांतली सीमा काही वेळा दोन पॅथॉलॉजिस्टनाही वेगवेगळी दिसते, त्यामुळे दुसऱ्याचं मत मागण्यात कुणाचा अपमान नाही. प्रयोगशाळेकडून स्लाइड आणि तुमचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या, ते मिळतात. कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयात दाखवा. संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसलात की सकाळी मुंबई सेंट्रलला, तिथून परळचं टाटा दूर नाही. स्लाइडींचा डबा हातातल्या पिशवीत ठेवा, बर्थखालच्या ट्रंकेत नको.

एवढं करायला वेळ आहे का? आहे. प्रोस्टेटचा या पायरीवरचा कॅन्सर आठवड्यांत हातातून जात नाही. उलट बायोप्सीनंतर आतली सूज ओसरावी म्हणून बरेच सर्जन स्वतःच सहाएक आठवडे थांबतात. म्हणून ‘पुढच्याच आठवड्यात’ हे काही मला पटलं नाही.

पर्याय तीन. पहिला, उपचार न करता काटेकोर लक्ष ठेवणं : ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय, पुन्हा बायोप्सी. ३+३ ला मी डोळे मिटून हाच सांगेन. पीएसए कमी असलेल्या काही ३+४ वाल्यांनाही तो चालतो. तुमचा खरा आकडा १७ धरला तर तुम्ही मध्यम जोखमीत, आणि त्यातही वरच्या बाजूला जाता, म्हणून हात आखडतो. त्याच कारणाने, कॅन्सर बाहेर पसरलाय का ते बघायला, हाडांचा स्कॅन किंवा पीएसएमए पेट स्कॅन करायचा का, हेही विचारा. पत्रात त्याचा उल्लेख नाही.

दुसरा ऑपरेशन, तिसरा किरणोपचार. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांना चिठ्ठी टाकावी तसं या तीन पर्यायांत वाटलं गेलं, आणि १५ वर्षांनंतरचे निकाल २०२३ मध्ये आले. प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावलेले तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपास होते. फरक होता तो पसरण्यात : लक्ष ठेवलेल्या गटात ९ टक्क्यांना पसरला, इतर दोन्हींत सुमारे ५ टक्क्यांना. त्यातल्या बहुतेकांचा आजार तुमच्यापेक्षा सौम्य होता, हे ध्यानात ठेवून हे आकडे वाचा.

तेव्हा ऑपरेशन की किरण, हे ठरतं मुख्यतः कोणता त्रास तुम्हाला चालेल यावर. ऑपरेशननंतर आठवडाभर-दोन आठवडे लघवीची नळी, मग काही महिने खोकलं-शिंकलं की थेंब गळतात. बहुतेकांचं सुधारतं, काहींचं पूर्ण नाही. लैंगिक ताकद बऱ्याचदा कमी होते. एकाहत्तरीत हे कशाला विचारायचं असं समजून पुष्कळ डॉक्टर हा विषय काढतच नाहीत, तुम्ही काढा. किरणोपचार आता बहुधा चार आठवड्यांत २० वेळा देतात, आणि तुमच्यासारख्यांना सोबत चार-सहा महिने पुरुषी हार्मोन दाबणारं इंजेक्शन. त्यात लघवीची घाई आणि जळजळ होते. पुढे कधी शौचावाटे रक्त येऊ शकतं. लैंगिक ताकद हळूहळू इथेही उतरते. ऑपरेशननंतर पीएसए पुन्हा चढला तर किरण देता येतात. किरणांनंतर ऑपरेशन करणं मात्र फार कठीण जातं. सर्जन आणि किरणोपचाराचे डॉक्टर, दोघांना भेटल्याशिवाय कुठेही सही करू नका. जो तो आपल्या हातातलं शस्त्रच सुचवतो, त्यात लबाडी नसते.

मुलाला सांगा, रोबोटने रक्त कमी जातं, घरी लवकर जाता येतं. पण ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये रोबोट आणि उघडं ऑपरेशन यांची थेट तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्हींत सारखीच निघाली. यंत्रापेक्षा सर्जनचा हात किती बसलेला आहे ते विचारा. मेहुण्यांना सांगा, प्रोस्टेटला सुई लावल्याने कॅन्सर पसरत नाही. बायोप्सीत भीती असते ती जंतुसंसर्गाची आणि रक्तस्रावाची. देवासला जायचं तर चामुंडेच्या टेकडीवर जा.

सत्तरी ओलांडली असल्याने आयुष्मानचं वय वंदना कार्ड तुम्हाला मिळू शकतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पत्करलेला उपचार त्यात बसतो का, ते त्या रुग्णालयाच्या काउंटरवर आधीच विचारून घ्या. आणि बायकोला सांगा. घरात नळी आल्यावर तिला कळण्यात काय शोभा?

प्रश्न : सासरे ७९ वर्षांचे, घर लोकमान्य नगरला. कंबर दुखते म्हणून तपासलं तर पीएसए २४० निघाला. स्कॅनमध्ये मणक्यात आणि कमरेच्या हाडांत डाग आहेत. बायोप्सीही झाली. अंडकोष काढायचे की दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं, ते आम्ही ठरवायचं आहे. बाबांना काहीच सांगितलेलं नाही, खचतील अशी भीती वाटते. कोणतं चांगलं?

उत्तर : तुम्ही ठरवायचं नाही, त्यांनी ठरवायचं. माणसाला न सांगता त्याचे अंडकोष काढता येत नाहीत. संमतीच्या कागदावर त्यांची सही लागते, तीही कळून-सवरून केलेली. खचतील म्हणता, पण न कळणारी कंबरदुखीही माणसाला खचवतेच. डॉक्टरांसमोर, तुमच्या यजमानांनी शेजारी बसून सांगावं. ‘हा आजार मुळापासून जाणार नाही, पण दाबून ठेवता येतो’ हे वाक्य खरं आहे आणि बऱ्याच म्हाताऱ्यांना ते पचतं.

आता पर्याय. हा कॅन्सर मुख्यतः अंडकोषांत बनणाऱ्या पुरुषी हार्मोनवर पोसतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं, १९६६ मध्ये त्यांना त्याचं नोबेलही मिळालं. हार्मोन तोडण्याचे हे दोन्ही मार्ग कॅन्सरला आवर घालण्यात सारखेच. ऑपरेशन छोटं, एकदाचं आणि स्वस्त असतं. फेऱ्या नाहीत, तारीख चुकण्याची भानगड नाही. इंजेक्शनचा खर्च चालूच राहतो, पण ते थांबवता येतं आणि मनाला कमी लागतं. वारंवार नेणं-आणणं जमत नसेल तर माझा कल ऑपरेशनकडे. इंजेक्शन घेणार असाल तर एक विचारा : नेहमीच्या प्रकारच्या इंजेक्शनने सुरुवातीला काही दिवस हार्मोन उलट उसळतं. मणक्यात डाग असताना ते धोक्याचं, म्हणून ती उसळी रोखायला आधीपासून गोळ्या देतात. हार्मोन न उसळवणारंही इंजेक्शन असतं.

नुसतं हार्मोन तोडून थांबायची पद्धत आता मागे पडली आहे. सोबत ॲबिराटेरोनसारखी गोळी दिली की आयुष्य वाढतं, हे २०१७ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांत दिसलं. ती आपल्याकडच्या कंपन्याही बनवतात. त्यासोबत प्रेडनिसोलोन घ्यावं लागतं आणि रक्तदाब, पोटॅशियम, यकृत तपासत राहावं लागतं. बाबांची प्रकृती ते सोसेल का, हे त्यांना तपासणारेच सांगतील. अंगातून एकदम गरम झळा येणं, थकवा, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं यांची तयारी ठेवा. रोज चालवा.

आणि हे फ्रिजवर चिकटवा : पायातलं बळ गेलं, पाय बधिर झाले, लघवी अडली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात. मणक्यातली गाठ नसांवर दाबू लागली की तासांचा हिशेब असतो. सकाळपर्यंत थांबलेले पाय परत येतीलच असं नाही.

प्रश्न : मी ४६ वर्षांचा. वडील ६२ व्या वर्षी प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले. मला त्रास काही नाही. पीएसए करून घ्यावा का?

उत्तर : हो. वडिलांना असेल तर मुलाची जोखीम साधारण दुप्पट धरतात, आणि या वयात सुरुवात करणं योग्य. लघवीचा जंतुसंसर्ग झाला असेल तर काही आठवडे थांबा. तपासणीआधी दोन दिवस संबंध टाळा, नाहीतर आकडा विनाकारण चढतो. आकडा जास्त आलाच तर बायोप्सीच्या आधी तो पुन्हा करून बघतात, मग एमआरआय. एक चौकशी मात्र रक्त देण्याआधी घरीच करा : आत्या, आजी, चुलत बहिणी यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा बीजांडाचा कॅन्सर झाला होता का? बीआरसीए-२ या जनुकातला दोष घरातल्या स्त्री-पुरुष दोघांतही उतरतो, आणि तो घरात असेल तर तुमच्या तपासणीचं वेळापत्रक वेगळं ठरतं. थोरली आत्या असेल तर तिलाच फोन करा, घरातली दुखणी तिला पाठ असतात.