डेस्कटॉप लिनक्सवर डायल-अप मोडेम सापडत नाही, काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेस्कटॉपवर लिनक्स आहे, आत पीसीआय मोडेम कार्ड आहे, पण मोडेम शोधून देणारं 'डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ' चालवलं की मोडेम सापडला नाही असं उत्तर येतं. सिरियल पोर्टचा एक जुना बाहेरचा मोडेमही हाताशी आहे. कोणता वापरायचा आणि जोडणी कशी करायची?

बाहेरचा वापरा. कार्डाचा नाद शक्यतो सोडा.

कारण सांगतो. आतली बहुतेक पीसीआय कार्डं ही 'विनमोडेम' असतात. पूर्ण मोडेममध्ये सिग्नल प्रोसेसर आणि एटी आज्ञा (मोडेमला द्यायच्या, एटी ने सुरू होणाऱ्या आज्ञा) समजणारा कंट्रोलर हे दोन्ही हार्डवेअरमध्येच असतात. विनमोडेममध्ये त्यातला एक किंवा दोन्ही काढून टाकून ते काम ड्रायव्हरवर, म्हणजे तुमच्या सीपीयूवर, ढकललेलं असतं. कार्ड स्वस्त होतं, पण त्या चिपचा ड्रायव्हर नसेल तर लिनक्सच्या दृष्टीने तिथे मोडेम नसतोच. म्हणून तुमची जोडणी चुकलेली नाही. विचारायला समोर कुणी नाही एवढंच.

खात्री करायची असेल तर पीसीआय कार्डांची यादी देणारी 'एलएसपीसीआय' ही आज्ञा चालवा. कार्ड 'सिरियल कंट्रोलर' म्हणून दिसलं तर ते बहुधा खरं मोडेम आहे आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला स्वतःहून पोर्ट देतो, बहुतेक वेळा टीटीवायएस४ किंवा त्यापुढचा. 'कम्युनिकेशन कंट्रोलर' दिसलं तर बहुधा विनमोडेम. ल्युसेंट, कोनेक्झंट, स्मार्टलिंक, पीसीटेल ही त्यातली नेहमीची नावं. स्मार्टलिंकसाठी 'एसएलमोडेमडी' हा ड्रायव्हर आहे, पण त्याचा मुख्य भाग ३२ बिटचा बंद बायनरी आहे, त्यामुळे ६४ बिट यंत्रणेवर ३२ बिटच्या लायब्ररी घालून बांधावा लागतो. कोनेक्झंटचा फुकट ड्रायव्हर १४.४ केबीपीएसला अडवलेला होता, पूर्ण वेगाचा विकत घ्यावा लागे. हे सगळे ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठी लिहिलेले. नव्या कर्नलवर ते कंपाइल करत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. सिरियल पोर्टच नसेल तर स्वतःचा कंट्रोलर असलेला यूएसबी मोडेम घ्या, उदाहरणार्थ यूएस रोबोटिक्स ५६३७. तो वेगळा ड्रायव्हर न मागता टीटीवायएसीएम० म्हणून उभा राहतो.

आता बाहेरचा मोडेम. खालच्या आज्ञा देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि लिनक्सच्या आज्ञा लहान लिपीत. एक पथ्य पाळा: पोर्ट, मग एटी, मग कॅरियर (दोन मोडेमची जुळणी), मग पीपीपी (फोन लाइनवरून इंटरनेटची पाकिटं नेणारी भाषा), मग रूट (पाकिटांचा रस्ता) आणि डीएनएस (नावांवरून पत्ते शोधणं). खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरची चढायची नाही. डब्ल्यूव्हीडायल हा डायल करणारा प्रोग्रॅम हे सगळं एकदम करायला जातो, त्यामुळे अडलं नेमकं कुठे ते कळत नाही.

केबल सरळ हवी. कॉम्प्युटरकडे ९ पिनांचं टोक, मोडेमकडे २५ पिनांचं. दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची नल-मोडेम केबल दिसायला तशीच असते, पण तिच्यात पाठवायच्या आणि घ्यायच्या तारा उलट असतात. ती लावली तर मोडेम ठार मुका राहतो. फोनची वायर 'लाइन' लिहिलेल्या खाचेत घाला, 'फोन' लिहिलेल्या नव्हे. आणि ऑफिसातल्या डिजिटल एक्स्चेंजच्या लाइनला मोडेम लावू नका, जळू शकतो.

पोर्ट पाहायला 'डीमेस्ग' (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) मध्ये टीटीवायएस शोधा. टीटीवायएस० पुढे ०एक्स३एफ८, आयआरक्यू ४ आणि शेवटी १६५५०ए असं दिसलं की पोर्ट ठीक आहे. १६५५०ए म्हणजे १६ बाइटचा बफर असलेली चिप. ११५२०० च्या वेगासाठी तीच हवी. /डेव्ह मध्ये टीटीवायएस० ते टीटीवायएस३ या फाइली दिसतात म्हणून पोर्ट आहेतच असं समजू नका. कर्नल त्या तशाही बनवून ठेवतो. 'सेटसिरियल -जी' ने विचारा. 'अननोन' म्हणाला तर तिथे चिप नाही. मदरबोर्डवर पोर्ट असूनही दिसत नसेल तर बायोसमध्ये बंद असतो, तिथे चालू करा.

नंतर परवानगी. डेबियन आणि उबुंटूवर तुमचा युजर 'डायलआउट' ग्रुपमध्ये हवा, आर्चवर 'यूयूसीपी' मध्ये. डेबियनकडे पीपीपीडी (पीपीपी चालवणारा प्रोग्रॅम) साध्या युजरने चालवायचा असेल तर 'डिप' ग्रुपही लागतो. ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करून परत या, नाहीतर बदल लागू होत नाही.

पोर्ट 'बिझी' आहे असं आलं तर पहिला संशयित मोडेममॅनेजर, मोबाइल मोडेम सांभाळणारा पार्श्वभूमीतला प्रोग्रॅम. तो प्रत्येक नव्या पोर्टला स्वतःच एटी विचारत बसतो आणि तुमच्या आज्ञांमध्ये त्याच्या आज्ञा मिसळतात. 'सिस्टेमसीटीएल' ने त्याला थांबवा आणि 'मास्क' करा, म्हणजे तो परत सुरू होणार नाही. डायल-अपला त्याचा उपयोग नाही. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावल्या लावल्या गायब होत असेल तर दुसरा संशयित बीआरएलटीटीवाय, ब्रेल यंत्रांचा प्रोग्रॅम, जो सीएच३४० सारख्या चिपला ब्रेल यंत्र समजून धरून बसतो. ब्रेल यंत्र वापरत नसाल तर काढून टाका. आधीचा प्रोग्रॅम अर्धवट मेला असेल तर /व्हार/लॉक मध्ये एलसीके ने सुरू होणारी शिळी फाइल राहते, तीही पुसा.

आता मिनिकॉम, म्हणजे मोडेमशी थेट टाइप करून बोलायचा प्रोग्रॅम. 'मिनिकॉम -एस' उघडा, सिरियल पोर्टच्या सेटिंगमध्ये पोर्टचं नाव, ११५२०० ८एन१, हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू, सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल बंद. बाहेर येऊन एटी टाइप करून एंटर दाबा. 'ओके' आलं की निम्मी लढाई जिंकलीत. ओकेऐवजी नुसतं शून्य आलं तर मोडेम अंकांत उत्तर देतोय, एटीव्ही१ द्या. टाइप केलेलं दिसत नाही पण उत्तर येतं, तर एटीई१. उत्तरच येत नाही, पण आज्ञा दिल्यावर मोडेमवरचा दिवा लुकलुकतो, तर त्याला गप्प राहायला सांगितलेलं असू शकतं: एटीक्यू०. दिवासुद्धा हलला नाही तर परत केबल आणि पोर्टकडे जा. पूर्वी कुणी काय काय सेटिंग करून ठेवलंय याचा भरवसा नसेल तर एटी&एफ ने कारखान्यातली मूळ सेटिंग परत येतात.

मिनिकॉममधूनच हाताने नंबर फिरवा: एटीडीटी आणि पुढे नंबर. फक्त पल्स डायलिंग घेणारी जुनी लाइन असेल तर एटीडीपी. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात, कारण मोडेम नेमकं काय म्हणतो ते इथेच उघड दिसतं.

'नो डायलटोन' आलं आणि कानाला तर टोन ऐकू येतोय? व्हॉइसमेलचा तुटक टोन किंवा खाजगी एक्स्चेंजचा वेगळा टोन मोडेमला टोन वाटतच नाही. एटीएक्स३ द्या, म्हणजे तो टोनची वाट न पाहता फिरवतो. बाहेरची लाइन घ्यायला आधी एखादा अंक लागत असेल तर तो अंक, मग स्वल्पविराम, मग नंबर. एक स्वल्पविराम म्हणजे साधारण २ सेकंद थांबणं, हा काळ एस८ रजिस्टरमध्ये असतो.

'नो कॅरियर' याचा अर्थ फोन लागला पण दोन मोडेमचं जमलं नाही, किंवा जमायच्या आत वेळ संपली. एटीएस७=९० करून वेळ वाढवा. तरी जमेना तर वेग मुद्दाम उतरवा: बऱ्याच मोडेमना एटी+एमएस=व्ही३४ चालतं, मग ते ३३.६ केबीपीएसच्या वर जायचा प्रयत्नच करत नाहीत. डीएसएलही त्याच लाइनवर असेल तर मोडेमच्या वायरला फिल्टर लावा. लाइन इंटरनेटवरून येणारी, म्हणजे व्हीओआयपीची असेल तर ५६ के विसरा. तिथे कोडेक (आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत) जी.७११ च हवा, एको कॅन्सलेशन बंद हवं, आणि एवढं करूनही कमी वेगालाच बरं चालतं.

५६ के चा आकडाही फसवा आहे. व्ही.९० या ५६ के च्या मानकात तो वेग फक्त उतरत्या दिशेला, तोही समोरच्या कंपनीची बाजू थेट डिजिटल असेल तर. वर पाठवण्याचा वेग ३३.६ च. प्रत्यक्षात ४० ते ५० मिळाला तर लाइन उत्तम समजा. 'कनेक्ट ११५२००' पाहून हुरळून जाऊ नका, तो कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यातला वेग. बऱ्याच मोडेमवर एटीडब्ल्यू२ दिलं की लाइनचा खरा वेग दिसतो.

कनेक्ट झाल्यावर पडद्याकडे दहा सेकंद नीट बघा. 'लॉगिन' असं विचारलं तर समोरचा सर्व्हर नाव-पासवर्ड अक्षरांत मागतोय. त्याऐवजी नागमोडी चिन्हं आणि महिरपी कंस यांचा कचरा अधूनमधून आला तर उत्तम: तो कचरा म्हणजे पीपीपीची पाकिटं आहेत, सर्व्हर थेट पीपीपी बोलतोय. ही एक गोष्ट कळली की पुढची फाइल चुकत नाही.

आता /ईटीसी/डब्ल्यूव्हीडायल.कॉन्फ:

[डायलर डिफॉल्ट्स]
मोडेम = /डेव्ह/टीटीवायएस०
बॉड = ११५२००
इनिट१ = एटीझेड
इनिट२ = एटीक्यू० व्ही१ ई१ एस०=० &सी१ &डी२ +एफक्लास=०
फोन = (नंबर)
युजरनेम = (नाव)
पासवर्ड = (पासवर्ड)
स्टुपिड मोड = १

'स्टुपिड मोड' म्हणजे कनेक्ट होताच लॉगिनची वाट न पाहता पीपीपीडी सुरू करणं. तो कचरा दिसला असेल तर १ ठेवा. लॉगिन विचारलं असेल तर ही ओळ काढा. &डी२ मुळे प्रोग्रॅम बंद पडला की मोडेम फोन ठेवतो. ते नसेल तर पीपीपीडी मेल्यावरही लाइन चालूच राहू शकते, आणि बिलात कळतं. कार्डावर एसएलमोडेमडी चालवणार असाल तर 'कॅरियर चेक = नो' ही ओळही घाला. तुमच्या डिस्ट्रोत डब्ल्यूव्हीडायल नसेल तर डेबियनकडे 'पीपीपीकॉन्फिग' आहे. त्याने जोडणी बनवायची, 'पॉन' ने लावायची, 'पॉफ' ने तोडायची, 'पीलॉग' ने लॉग पाहायचा.

जोडणी लागून लगेच तुटली तर पीपीपीडीचा एक्झिट कोड बघा. ८ म्हणजे डायल करणारी स्क्रिप्टच अडली. १० म्हणजे बोलणी फिसकटली. १६ म्हणजे समोरून फोन ठेवला किंवा लाइन तुटली. १९ म्हणजे नाव-पासवर्ड नाकारला. /ईटीसी/पीपीपी मधल्या पॅप-सीक्रेट्स आणि चॅप-सीक्रेट्स फाइली तपासा. लाइन 'लूप्ड बॅक' आहे असं लॉगमध्ये आलं तर समोर अजून लॉगिन उभा आहे आणि तो तुमचीच अक्षरं परत पाठवतोय, म्हणजे स्टुपिड मोड चुकलाय. समोरच्या यंत्रणेने स्वतःची ओळख पटवावी अशी तक्रार आली तर पीपीपीच्या ऑप्शनमध्ये 'नोऑथ' हवं. ही तक्रार बहुतेक वेळा कॉम्प्युटरवर आधीपासून दुसरा डिफॉल्ट रूट असला की येते.

तो दुसरा रूट आणखी एक घोळ करतो: पीपीपी० ला पत्ता मिळतो, पण पानं उघडत नाहीत. पीपीपीडी आधीचा डिफॉल्ट रूट सहसा बदलत नाही. इथरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा, परत जोडा. मग एखाद्या आयपी पत्त्याला पिंग करा. आकड्यांना उत्तर येतं आणि नावांना येत नाही, तर डीएनएस अडलंय: 'यूजपीअरडीएनएस' ऑप्शन घाला आणि /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ मध्ये काय पडलंय ते बघा.

इथवर आलात की उरतो वेग. चांगल्या लाइनवर सेकंदाला ५ किलोबाइटच्या आसपास मिळतात, म्हणजे १ एमबीला साडेतीन मिनिटं. आजची डिस्ट्रो जोडणी लागताच मागच्या मागे अपडेट ओढू लागते आणि सगळी लाइन तीच खाते. 'सिस्टेमसीटीएल लिस्ट-टायमर्स' ने कोण कधी जागं होतं ते पाहून एपीटी-डेली सारखे टायमर बंद ठेवा. आणि डब्ल्यूव्हीडायल लाइन तुटली की आपणहून परत नंबर फिरवतं; मिनिटांवर पैसे मोजत असाल तर 'ऑटो रिकनेक्ट = नो' आणि 'आयडल सेकंड्स = ६००' या दोन ओळी आजच घाला.