तुमचं सर्वांत आवडतं संगीत कोणतं आणि ते अचानक कसं सापडलं?

शास्त्रीय गायक पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांचं गाणं. मध्यरात्री झोपेतून उठवून विचारलंत तरी हेच सांगेन.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की ॲप रोज तीच वीस-पंचवीस गाणी पुढं करतं, नवीन काही कानाला लागत नाही, आणि शास्त्रीय संगीत घरात कधी नव्हतंच, त्यामुळं ते आपल्याला कळायचं नाही. या शेवटच्या वाक्यासाठी सविस्तर लिहायला बसलोय. आमच्याही घरात ते नव्हतं.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं लेथचं वर्कशॉप आहे. घरी आई बाबूजींची गाणी लावायची. सुधीर फडके 1919 साली कोल्हापुरातच जन्मले, त्यामुळं आई त्यांच्याबद्दल पलीकडच्या गल्लीतल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलते. वडिलांना कुस्तीचा नाद. त्यांच्याबरोबर खासबाग मैदानात जायचो, पण माझं निम्मं लक्ष हलगीवाल्यांकडं असायचं. सुरुवातीला ते चार काटक्या नाहीतर कागद पेटवून हलगीचं कातडं शेकतात. बोटानं वाजवून बघतात, पुन्हा शेकतात. कातडं ताणलं की आवाज कडक होतो. मग एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी, जोडीला घुमकं हे चर्मवाद्य आणि कैताळ म्हणजे झांजा. पैलवान एकमेकांचा अंदाज घेत असतात तोवर ठेका सावकाश असतो. एकानं पट काढला, म्हणजे पायाला धरून डाव टाकला, की टिपऱ्याची चाल तीच राहते आणि काडीचे ठोके दुप्पट होतात. चाल जागची हलत नाही, तिच्या आतली गर्दी वाढत जाते. लहानपणापासून माझ्या कानावर हा संस्कार झालाय, आणि तो संस्कार आहे हे मला खूप उशिरा समजलं.

झालं असं की एका रात्री मशीन बंद करून लेथच्या बेडवरचा लोखंडी चुरा झाडत होतो. मोबाइलवर भावगीतं लागली होती. ती संपली आणि पुढचं आपोआप सुरू झालं. मन्सूरांनी गायलेला बिहागडा राग. नाव नंतर वाचलं, त्या वेळी एवढंच कळलं की कुणीतरी वयस्कर माणूस टोकदार आवाजात गातोय आणि लांबण न लावता थेट बंदिशीत शिरलाय. तबल्यावर तीनताल, संथ पण रेंगाळणारा नव्हे. त्या सोळा मात्रांत त्यांनी कुठं रिकामी जागाच सोडली नव्हती. एका तानेतून दुसरी निघते, ती वळून तिसरीत जाते, आता हे समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, कसे पोचणार असं वाटतं, तोवर ते पोचलेले असतात. ठेका तोच आणि आत गर्दी वाढतेय. अरे, हे तर आपल्या ओळखीचं आहे! समेवर माझी मान हलली, आणि मला ती हलवायला कुणी शिकवलं नव्हतं. झाडू हातात तसाच. रेकॉर्डिंग संपलं तसं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मग मी त्यांचा माग काढत सुटलो. तुम्हाला काही सुचवायचं झालं तर एवढंच सुचवेन: एक गाणारा माणूस धरा आणि तो कुणाकडं शिकला, त्यानं आणखी काय गायलंय, हे शोधत जा. मूड, प्रकार, टॉप फिफ्टी यांच्या नादाला लागू नका.

मन्सूर धारवाडकडचे. पोरवयात नाटक कंपनीत होते, नंतर मिरजेच्या नीलकंठबुवांकडं ग्वाल्हेर घराण्याच्या गाण्याची तालीम घेतली. पुढं मंजी खाँसाहेब भेटले आणि 1937 साली ते वारल्यावर त्यांचे धाकटे भाऊ भुर्जी खाँसाहेब यांनी शिकवलं. या दोघांचे वडील म्हणजे उस्ताद अल्लादिया खाँ (1855–1946), जयपूर-अत्रौली घराण्याचे मूळपुरुष आणि राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. म्हणजे आमच्या कोल्हापूरचे! तरुणपणी आमलेटा संस्थानात गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला आणि पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. जो आवाज हाती उरला त्यातून त्यांनी लयीत गुंफलेल्या, वळणावळणाच्या तानांची ही गायकी उभी केली. ॲपनं कुठून तरी लांबून आणून दिलेलं वाटलं ते गाणं माझ्या वर्कशॉपपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर वाढलेलं निघालं. त्या दिवशीचा आनंद मी आजही शब्दांत नीट सांगू शकत नाही.

आता एक गोष्ट बघा. खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं. त्याला लागून असलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, तेही त्यांचंच. (8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं तेव्हा तिथं जमलेल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं.) कुस्ती आणि गाणं एकाच राजानं एकाच आवारात नांदवलं. त्यामुळं हलगीवर वाढलेल्या कानाला मन्सूर आपले वाटले तर त्यात नवल नाही, असं माझं ठाम मत आहे. संगीताचे जाणकार काहीही म्हणोत.

त्याच वाटेवर केसरबाई केरकर भेटल्या. त्याही अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या. जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, तेवढ्यात त्या अख्खा ललत राग उभा करतात. 1977 साली व्हॉयेजर अंतराळयानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. व्हॉयेजर 1 सुटलं 5 सप्टेंबरला आणि बाई गेल्या 16 सप्टेंबरला.

पण माझा सगळ्यात लाडका शोध वेगळाच आहे. मन्सूरांनी आणखी काय गायलंय हे बघताना त्यांची कन्नड वचनं, म्हणजे शिवभक्त संतांच्या छोट्या रचना, मिळाली. आपल्याला कन्नड येत नाही, तरी लावून ठेवली. आमच्याकडं चिकोडीकडचा एक कामगार आहे, मितभाषी माणूस. जॉब चकमधून काढता काढता तो थांबला आणि म्हणाला, "मालक, हे आमची आज्जी म्हणायची." बाराव्या शतकातल्या संत कवयित्री अक्का महादेवींचं वचन होतं. त्यानं मोडक्यातोडक्या मराठीत अर्थ सांगितला: अगं बाई ऐक, मला एक स्वप्न पडलं. तांदूळ, सुपारी, नारळ दिसले. बारीक बारीक जटांचा, पांढऱ्याशुभ्र दातांचा एक गोसावी भिक्षेला दारात आला. तो पुढं निघाला तशी मी त्याच्या मागं धावले, त्याचा हात धरला. बघते तर तो चेन्नमल्लिकार्जुन, म्हणजे तिचा शिव, आणि माझे डोळे उघडले.

आम्ही दोघांनी ते पुन्हा लावलं. बिहागड्यातला तोच तानांचा बादशहा इथं एकही शब्द तानेखाली दबू देत नाही. "अक्का, ऐक" एवढं म्हणताना त्यांचा आवाज असा होतो की बहीण समोर बसलीय हे आपल्याला दिसतं. त्यानंतर तो कामगार आपणहून गाणी सुचवायला लागला. त्याच्यामुळं माझ्याकडं वचनांची चांगली यादी झालीय, आणि त्याला मी हलगी-घुमक्याची रेकॉर्डिंग देतो.

तुम्ही सुरुवात बिहागड्यापासून करा. रागाचे नियम, वादी-संवादी वगैरे सध्या राहू द्या. तबल्याच्या पहिल्या मात्रेवर टाळी द्या, सोळा मोजा, पुन्हा टाळी द्या, आणि गाणारा तिथं कसा येऊन पोचतो एवढंच बघा. पाच-सात आवर्तनांत हाताला सवय होते. मोबाइलच्या स्पीकरवर तंबोरा हरवतो, म्हणून हेडफोन घ्या. आणि तुमच्या गावाकडं लहानपणी काय वाजायचं ते कळवा: भजन, सनई, बँड, काहीही. त्यावरून पुढं कुणाला ऐकायचं ते मी नक्की सुचवेन.