दह्याला तार का सुटते, आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

या महिन्यात आलेल्या प्रश्नांमध्ये निम्मे दह्याचेच आहेत. डिसेंबर आहे, पुण्यात थंडी पडलीय, त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

प्रश्न : ताई, आठ दिवस झाले दही नीट लागतच नाहीये. एकतर दूधच राहतं, नाहीतर लागतं पण चमच्याबरोबर तार येते, बुळबुळीत. सासूबाई म्हणतात विरजण बिघडलं. टाकून देऊ का? (कोथरूड)

उत्तर : सासूबाईंचं बरंचसं बरोबर आहे. विरजण म्हणजे जिवंत बॅक्टेरियांची वस्ती, आणि त्यात एकच जात नसते, अनेक असतात, प्रत्येकीला वेगळं तापमान मानवतं. मी कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांना पहिल्या आठवड्यात हेच दाखवायचे, ताकाचा एक थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. जांभळ्या मण्यांच्या माळा दिसतात ते स्ट्रेप्टोकॉकस, आणि मधेमधे काड्या दिसतात ते लॅक्टोबॅसिलस. दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, मॅडम हे आम्ही रोज पितो? हो, रोज पितो, आणि त्यांच्यामुळेच ते ताक आहे.

ही मंडळी दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक ॲसिड सोडतात. ॲसिड वाढत गेलं, पीएच (आंबटपणाचं माप, आंबटपणा वाढला की तो उतरतो) 4.6 च्या जवळ आला, की दुधातल्या केसीन या प्रोटीनचे कण एकमेकांना चिकटून जाळं तयार होतं, त्या जाळ्यात पाणी अडकतं आणि दूध थिजतं. पण त्यासाठी त्यांना साधारण 40 ते 45 अंशांची ऊब लागते. आता रात्री ओट्यावर पातेलं ठेवलं, खिडकी उघडी, बाहेर 10-12 अंश, तर दूध बघता बघता गार होतं, हे सुस्तावतात आणि गारव्यात तग धरणाऱ्या दुसऱ्या जातींना रान मोकळं मिळतं. त्यातल्या काही जाती साखरेच्या लांबच लांब साखळ्या तयार करतात, तीच तुमची तार. वास आणि चव नेहमीची असेल तर तार असलेल्या दह्याने सहसा काही होत नाही, कढीत खपून जातं. गुलाबी, हिरवे ठिपके दिसले किंवा वास उग्र आला तर मात्र सरळ फेकायचं.

करायचं काय, तर आधी विरजण बदला, शेजारून वाटीभर मागून आणा. दूध नीट उकळा, नुसतं कोमट करून विरजण लावू नका, कारण उकळल्यावर दुधातली दुसरी प्रोटीन्स उलगडून केसीनला धरतात आणि दही घट्ट होतं. मग ते निवू द्यायचं आणि करंगळी बुडवून बघायची, गरम लागलं पाहिजे पण भाजायला नको. अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा विरजण पुरे, जास्त घातलं की लवकर आंबतं आणि पाणी सुटतं. थंडीत पातेलं पिठाच्या डब्यात ठेवा नाहीतर जुन्या शालीत गुंडाळा, आणि लागेपर्यंत हलवू नका, अर्धवट लागलेलं जाळं एकदा मोडलं की परत जुळत नाही.

जाता जाता, सिंहगडावरचं मडक्यातलं दही घट्ट का असतं तेही दोघांनी विचारलंय. मडकं सच्छिद्र असतं, दह्यातलं पाणी त्यातून बाहेर झिरपतं आणि वाऱ्याने उडून जातं, त्यामुळे दही घट्ट होतं आणि गारही राहतं. स्टीलच्या डब्यात ते पाणी कुठे जाणार?

प्रश्न : रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खाणं आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे. मुलगी आता म्हणते शिळ्या भाताने विषबाधा होते. गरम केल्यावर जंतू मरतात ना? (सदाशिव पेठ)

उत्तर : जंतू मरतात, विष मरत नाही. मुलीचं ऐका, पण फोडणीचा भात सोडायची काही गरज नाही.

तांदळावर मातीतून आलेला बॅसिलस सिरियस नावाचा बॅक्टेरिया असतो. तो अडचणीच्या काळात स्वतःभोवती जाड कवच करून बीजाणू बनून बसतो, आणि हे बीजाणू कुकरच्या शिट्ट्यांनंतरही शिल्लक राहू शकतात. भात शिजला, गॅस बंद झाला, आणि तो कुकरमध्येच झाकून रात्रभर राहिला, की आतला ओला उबदार भात म्हणजे त्यांच्यासाठी पंगतच. बीजाणू फुटतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष उष्णतेला दाद देत नाही, कितीही खमंग फोडणी दिली तरी ते तसंच राहतं, वास येत नाही, चव बदलत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात, बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं, पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या बाबतीत धोका पत्करू नका.

म्हणून जेवणं झाली की उरलेला भात परातीत पसरा, वाफ गेली की डब्यात भरून फ्रिजमध्ये टाका, हे सगळं तास-दीड तासात व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी एकदाच, चांगला वाफ येईपर्यंत परतून खा, परत उरवून परत गरम करू नका. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात असेल, आणि तोही मे महिन्यातला, तर माझ्या घरी तरी तो कंपोस्टमध्ये जातो. अन्न टाकताना जीवावर येतं हे मला माहितीय, म्हणूनच म्हणते की रात्रीची ती पाच मिनिटं भात पसरण्यात घालवा.

प्रश्न : आपल्या शरीरात पेशींपेक्षा दहापट बॅक्टेरिया असतात हे खरं का? (औंध)

उत्तर : हा जुना अंदाज आहे. 2016 मध्ये तो नव्याने मोजला गेला, त्यात साधारण 30 लाख कोटी पेशी आणि 38 लाख कोटी बॅक्टेरिया निघाले, म्हणजे जवळपास बरोबरी. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात आणि सगळ्यांचं वजन मिळून जेमतेम 200 ग्रॅम भरतं.

प्रश्न : मागच्या आजारपणातल्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या उरल्यात. मुलाला परत तसाच सर्दी-ताप आहे, देऊ का? आणि अँटिबायोटिक घेतलं की पोट का बिघडतं? (हडपसर)

उत्तर : नका देऊ. सर्दी-पडसं जवळजवळ नेहमी व्हायरसने होतं आणि अँटिबायोटिक व्हायरसवर चालतच नाही. पेनिसिलिनचंच घ्या, ते बॅक्टेरियाची बाहेरची भिंत बांधू देत नाही, मग तो फुटतो. व्हायरसला भिंतच नाही तर पाडणार काय? शिवाय मुलाचा डोस वजनावर ठरतो, तीन गोळ्यांवर नाही. पट्टीवर लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचंच नाही, आणि त्यांनी जितके दिवस सांगितलं तितके दिवस घ्यायचं, मधे बरं वाटलं तरी स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

आता पोटाचं. गोळीला आपला-परका कळत नाही. घशातल्या बॅक्टेरियासाठी घेतलेली गोळी आतड्यातल्या वस्तीवरही पडते. भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो तिथले बॅक्टेरिया आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं, ज्यावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. ही वस्ती उजाड झाली की जुलाब लागतात, आणि रिकाम्या जागेत कधीकधी नको ते बॅक्टेरिया घुसतात. डॉक्टरांनी खरंच गरज म्हणून दिलं असेल तर घ्यायलाच हवं, पण उगाच घेतलेल्या प्रत्येक गोळीची ही किंमत असते, आणि वाचलेले, औषधाला न जुमानणारे बॅक्टेरिया पुढे दुसऱ्याच्या घरी जातात ते वेगळंच. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर दूध-दही गोळीबरोबर नको, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, कॅल्शियम त्या औषधाला पकडून ठेवतं.

आपल्या पिंपरीला 1954 मध्ये एचए, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, ही सरकारी कंपनी सुरू झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, कारण पेनिसिलिन देशात बनवणं तेव्हा फार गरजेचं होतं. मोठमोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवून ते काढायचे. इतक्या कष्टाने मिळालेलं औषध आपण सर्दीवर वाया घालवतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : सोसायटीत ओल्या कचऱ्याचे पिट केलेत पण इतका वास येतो की लोक बंद करा म्हणतायत. वर पांढरी बुरशीसारखी पूडही दिसते. कल्चर पावडर जास्त घालू का? (सिंहगड रोड)

उत्तर : पावडर नको, हवा पाहिजे. ओला कचरा दाबून बसला की आत हवा जात नाही, मग हवेशिवाय जगणारे बॅक्टेरिया ताबा घेतात आणि ते सडक्या अंड्यासारखे वास सोडतात. हवा मिळाली की दुसरी मंडळी कामाला लागतात आणि ढीग आतून 55-60 अंशांपर्यंत तापतो, थंडीत सकाळी उकरलात तर वाफ निघताना दिसेल. त्या उष्णतेने रोगजंतू आणि माश्यांच्या अळ्याही मरतात.

मोजमाप सोपं आहे. एक बादली ओल्या कचऱ्यावर निदान एक बादली सुका पाला, जमला तर दोन. आठवड्यातून दोनदा खालीवर करा. मूठभर घेऊन पिळा, एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर अजून पाला घाला. आणि पाला विकत आणायचा नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यांवर ढीगच्या ढीग पडतो आणि सकाळी सकाळी झाडून पेटवून देतात, त्या धुराने आख्खी गल्ली खोकते. तुमच्या सोसायटीने तो पोत्यांत भरून ठेवला तर वर्षभर पुरेल, झाडणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवा, त्या बाजूला काढून ठेवतील.

पांढऱ्या पुडीला हात लावू नका. ती बहुतेक ॲक्टिनोमायसिटीसची, म्हणजे बुरशीसारख्या दिसणाऱ्या बॅक्टेरियांची आहे, ढीग नीट तापत असल्याची खूण. त्यांच्याच कुळातला स्ट्रेप्टोमायसिस जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतो, पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो त्यात ते असतं. टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडलं तेही अशाच एका स्ट्रेप्टोमायसिसमधून. पंधरा दिवस पाला घालून आणि खालीवर करून बघा, मग ओंजळभर खत नाकाशी धरा. मातीचा वास आला तर तेच खत मीटिंगमध्ये घेऊन जा आणि बंद करा म्हणणाऱ्यांच्या हातात द्या.