उत्तर: हॉरर पिक्चर निम्मा झालाय, सोडू का?

तुझी पोस्ट दोनदा वाचली. बारा रात्रींचं शूट, सहा झाल्यात, भूत समोर आलं की युनिटच हसतंय, आणि काल पॅकअपला प्रॉडक्शनवाल्याने "काही नाही, फॉर्मॅलिटी आहे" म्हणत एक कागद पुढे केला. आता सही करू की पिक्चरच सोडू, असं विचारलंयस. (वयाने लहान वाटतोयस म्हणून तू म्हणतोय, राग मानू नकोस.) भुताचं सोड रे, त्या कागदाचं वाचून माझ्या पोटात गोळा आला.

स्क्रिप्ट आधी माग, मानधन लेखी घे वगैरे वर बाकीच्यांनी लिहिलंच आहे, त्यात मी जात नाही.

माझं स्पष्ट मत, सोडू नकोस. तू गेलास म्हणून पिक्चर अडत नाही, हॉरर तर अजिबातच नाही. अंधार, तोंडावर केस, एखादा मुखवटा, की कोणीही तू म्हणून उभा राहतो. 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' या जुन्या अमेरिकन पिक्चरचा किस्सा माहीत असेलच, त्यातला नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारला, त्याचं आधी शूट केलेलं थोडंसं फुटेज पडून होतं, दिग्दर्शक एड वुडने ते वापरलं आणि उरलेल्या सीन्समध्ये दुसराच माणूस तोंडापुढे केप धरून फिरवला. हा किस्सा सांगून मीही खूप हसलोय. नंतर माझ्याबाबतीत तेच झालं, फरक एवढाच की मी जिवंत होतो.

माझा पिक्चर तुझ्यापेक्षा भंगार होता, पैज लावतो. काही सीन भर दुपारी शूट करून नंतर निळा रंग चढवून रात्र करायची असं ठरलेलं, पण जमिनीवर आमच्या सावल्या एवढ्या कडक पडलेल्या की चंद्राला उन्हाळा लागलाय असं वाटावं. धुराच्या मशीनच्या आवाजात डायलॉग ऐकूच येत नव्हते, "सगळं डबिंगला बघू" हे वाक्य दिवसातून वीस वेळा. जखम एका शॉटमध्ये डाव्या गालावर, पुढच्यात उजव्या. मी तिसरा मरणारा होतो आणि सेकंड हाफमध्ये उठून परत येणारा, त्यामुळे मला ते अख्खा डोळा झाकणारे पांढरे लेन्स. ते घातले की समोरचा माणूस म्हणजे नुसता एक डाग दिसतो.

आणि नेमका तेव्हाच तुझ्यासारखाच फॉर्म आला. पहाटे तीनला, दोन टेकच्या मध्ये, दोन्ही हात साखरेच्या पाकातल्या रक्ताने चिकट, डोळ्यात लेन्स. असिस्टंटने तीन ओळी वाचून दाखवल्या, पोस्टरवर फोटो वापरायला परवानगी, ट्रेलरला परवानगी, बस. त्याने बोट ठेवलं तिथे मी सही केली. कॉपी मागितली नाही, मोबाइलवर फोटोसुद्धा काढला नाही, कारण मोबाइल रक्ताने खराब होईल! ही माझी अक्कल.

न वाचलेल्या भागात दोन गोष्टी होत्या. एक, माझं फुटेज "या व भावी कोणत्याही कलाकृतीत" वापरता येईल, आवाज बदलण्यासकट. दोन, मानधन पिक्चर विकला गेल्यावर, आणि पिक्चरचं नाव म्हणून शूटिंगच्या वेळचं तात्पुरतं नाव टाकलेलं. पुढे पिक्चर दुसऱ्याच नावाने विकला. पैसे मागायला गेलो तर अकाउंट्सवाला शांतपणे म्हणतो, या नावाचा पिक्चर आमचा विकलाच गेलेला नाही. (नाव बदलण्याने निर्मात्यांचंही वाटोळं झालेलं आहे बरं का. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं नाव वितरकाने बदललं, नवं टायटल कार्ड लावताना कॉपीराइटची ओळच राहून गेली, आणि त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे हक्कच गेले. माझ्या वेळी मात्र निर्माता सुखरूप, मीच बुडालो.)

दीड वर्षाने एका मित्राने ट्रेलर पाठवला, "अरे तू पार्ट टू पण केलास?" मी केला नव्हता. पहिल्याच्या उरलेल्या टेक्समधून माझी अकरा मिनिटं जोडलेली, बाकी माझ्या अंगकाठीचा कोणीतरी केस पुढे घेऊन रांगतोय, आणि दोघांनाही आवाज तिसऱ्याचाच. चेहऱ्यापेक्षा तो आवाज मला जास्त लागला. पुढे एका कास्टिंगवाल्याने तोंडावर सांगितलं की चेहरा चांगला आहे पण बोलणं फारच कृत्रिम आहे तुमचं. आता त्याला काय सांगणार, तो मी नव्हेच?

मग मी गेलो कलाकारांच्या तक्रारी घेणाऱ्या एका ऑफिसात, नाव लिहीत नाही. पहिल्या खेपेला कळलं की सहीच्या दिवशी मी मेंबर नव्हतो, नंतर झालो, त्यामुळे अर्जावर "विचाराधीन". दुसऱ्या खेपेला मूळ फॉर्म आणा. मूळ फॉर्म प्रॉडक्शनकडे, ते म्हणतात ऑफिस हलवताना कुठेतरी गेला, पण त्यातली कलमं मात्र त्यांना तोंडपाठ. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. चौथ्या खेपेला साहेब भेटले आणि म्हणाले, "तक्रार कसली, उलट एका कामात दोन पिक्चर झाले की तुमचे!" हसले पण वर. आठ महिने गेले यात. शेवटी वकिलाकडे गेलो तर तो म्हणाला ट्रेलर दिसला त्याच आठवड्यात लेखी नोटीस द्यायला हवी होती, आता तो पिक्चर चार जणांच्या हातातून पुढे गेलाय. म्हणजे ज्यांच्या भरवशावर थांबलो त्यांनीच वेळ खाल्ला. असो, याच्यावर बोलायला लागलो की बीपी वाढतो.

तर तुझं. मी वकील नाही, नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, जमलं तर जाणकाराला दाखव. पण मी असतो तर फॉर्म घरी नेला असता, "भावी कलाकृती" खोडून "फक्त हा एक चित्रपट, नाव काहीही ठेवलं तरी" असं लिहिलं असतं, खोडलं तिथे दोघांच्या छोट्या सह्या, माझं डबिंग मीच करणार ही एक ओळ, आणि पैसे विक्रीवर न ठेवता तारखेवर. सगळं मान्य करतील असं नाही. डबिंगची ओळ तरी सोडू नकोस. ते नाहीच म्हणाले तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण सहा रात्रींचं फुटेज त्यांच्याकडे आहे आणि उरलेल्या सहा रात्री तुझ्याकडे आहेत, म्हणून बोलायचं ते आत्ताच बोल, बाराव्या रात्रीनंतर तुला कोणी ओळखणार नाही.

बाकी, लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवूनच घाल, दुसऱ्याचे वापरलेले तर अजिबात नको, आणि टोचायला लागले की टेक चालू असला तरी काढ. लेटेक्स (खोट्या जखमा बनवायचं पातळ रबर) लावणार असतील तर आदल्या दिवशी हातावर थोडं लावून बघ. चिकटवलेली जखम ओढून काढू नकोस, रिमूव्हर मागून घे, माझी अर्धी भुवई गेली होती. रोज पॅकअपला स्वतःचा फोटो काढ, जखमा कुठल्या बाजूला ते कळतं, त्यांची कंटिन्युइटी कोणी बघत नसेल तर तुझी तू बघ. आणि युनिट हसलं तरी तू घाबरायचं ते मनापासून घाबर, अशा पिक्चरमधून शोरीलसाठी (काम मागताना दाखवायच्या आपल्या सीन्सच्या व्हिडिओसाठी) मिळाला तर तो एक क्लोजअपच मिळतो.

आज रात्री परत फॉर्म पुढे आला तर सांग, डोळ्यात लेन्स आहेत, अक्षर दिसत नाही, सकाळी वाचून देतो. खोटं पण नाही ते.