फॉर्मवर शून्य रुपये, मग जंगलाची किंमत किती?

प्रश्न: ताई नमस्कार, मी अमरावतीला एमएसडब्ल्यू करते. प्रोजेक्टसाठी मेळघाट व्याघ्रप्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, एका गावात सर्वे केला, त्यात 'जंगल टिकवायला वर्षाला किती रुपये द्याल' असं विचारलं तर निम्म्याहून जास्त घरांनी शून्य सांगितलं. गाईड म्हणतात लोकांना जंगलाची किंमतच नाही, तसंच लिही. मला पटत नाहीये पण उत्तरही सुचत नाहीये.

उत्तर: तसं अजिबात लिहू नकोस. पहिली गोष्ट, तू जंगल म्हणालीस पण ऐकणाऱ्याला फॉरेस्टवाले ऐकू आले असणार, म्हणजे ज्यांच्याशी सरपणावरून, चराईवरून रोजची बोलाचाली त्यांनाच वरून पैसे द्यायचे, मग कोण हो म्हणेल? दुसरं म्हणजे ज्या घरात रोकड येते ती तेंदूपत्त्याच्या नाहीतर मजुरीच्या दिवसांत, तिथे रुपये विचारले तर उत्तर खिशातून येतं, मनातून नाही. त्याच घराला विचार, वर्षाला किती दिवस श्रमदान कराल, जाळरेषा (वणवा पुढे सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढायला, वणवा विझवायला, आणि बघ काय सांगतात. किंवा उलटं विचार, उद्या जंगलात जाणं पूर्ण बंद झालं तर किती भरपाई लागेल, तेव्हा शून्य कोणीच म्हणणार नाही.

मी स्वतः असल्या कामात शंभर चिंचोके घेऊन बसायचे. जमिनीवर खडूने गोल काढायचे, मोह, सरपण, गवत, पाणी, मजुरी, औषधी, आणि म्हणायचं वाटा. पुरुषांनी मजुरीवर ढीग घातला, बायकांनी मोहावर आणि सरपणावर, म्हणून बायकांना वेगळं बसवायचंच, एकत्र बसवलं तर त्या गप्प राहतात. एका आजींनी निम्मे चिंचोके मोहावर ठेवले आणि वर सांगितलं की वेचून वाळवलेला मोह चैतात विकायचा नाही, भाव पडलेला असतो, आषाढात कणगी रिकामी होते तेव्हा काढायचा. म्हणजे तो मोह त्यांची बँक आहे, तुझ्या फॉर्ममध्ये याला रकाना होता का?

आणि गवळ्यांना विचारलंस का? सेमाडोहची रबडी, मेळघाटचा खवा आपण आवडीने खातो, त्यातलं दूध जंगलातल्या चाऱ्याचं आहे, पण फायद्याच्या यादीत ते क्वचितच दिसतं. 2019 मध्ये भोपाळच्या वनव्यवस्थापन संस्थेने देशातल्या दहा व्याघ्रप्रकल्पांची किंमत काढली, त्यात मेळघाटही होतं, कार्बन, पाणी, जनुकसाठा असं सगळं धरून. काम महत्त्वाचं आहे, पण त्यातला मोठा फायदा गावाबाहेर जातो आणि रानडुकराने ज्वारी लोळवली तर रात्रभर मचाणावर जागतो तो गावातला माणूस. तो खर्च त्याच पानावर लिही, नाहीतर हिशोब अर्धाच.

किंमत हाताने कशी मोजतात ते पाहायचं तर पायविहीरला जाऊन ये. चिखलदरा तालुक्यातलं गाव, 2012 मध्ये 193 हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे ते जंगल गावाने मिळून वापरायचा आणि राखायचा कायदेशीर हक्क, मिळाला, तो उजाड माळ त्यांनी राखला, झाडं लावली, आता तिथली सीताफळं शहरात विकतात. हक्क आपला झाला की माणूस शून्य सांगत नाही गं.

प्रश्न: जंगलावर एवढं प्रेम आहे तर मोहाखाली आग का लावतात? दरवर्षी वणवे पेटतात. (वाचक, परतवाडा)

उत्तर: कारण मोहाचं फूल पहाटे पडतं, झाडाखाली पानगळीचा थर असतो आणि त्यात फिकट फुलं दिसतच नाहीत, म्हणून खालचा पाला जाळून जमीन साफ करतात. आग लावून घरी जातात, दुपारी वारा सुटतो आणि मग आवरत नाही. नुकसान खरंच फार होतं, नवी रोपं मरतात, पुढचा मोहही त्यातच जातो. पण नुसत्या दंडाने हे थांबणार नाही, माणसं रात्री लावतील. झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरली की फुलं स्वच्छ मिळतात, माती लागत नाही, भावही बरा येतो. तुमच्याकडे कोणी जाळ्या वाटत असेल तर फेब्रुवारीतच वाटायला सांगा, एप्रिलमध्ये आलेल्या जाळीचा काही उपयोग नाही.