पेनफोल्ड्स ग्रेंज या ऑस्ट्रेलियन रेड वाईनची जुनी बाटली हाती लागली तर उघडायची की जपून ठेवायची?

आधी बाटली उजेडात धरून मानेतली लेव्हल बघा, वाईन खांद्याच्या खाली उतरली असेल तर बुचातून हवा गेलीये समजा, मग कलेक्शनची किंमत विसरा आणि सरळ उघडा. १९५१ च्या पहिल्या बॅचची बाटली लिलावात लाखाच्या वर ऑस्ट्रेलियन डॉलरला गेलीये, पण तो खेळ वेगळा, तिथे चव कोण बघतंय! गंमत म्हणजे ही वाईन १९५७ मध्ये पेनफोल्ड्स कंपनीनेच बंद करायला सांगितलेली, ती बनवणाऱ्या मॅक्स शुबर्टने तरी ॲडलेडजवळच्या मॅगिलला गुपचूप चालू ठेवली.

आणि हो, लेबलवर 'ग्रेंज हर्मिटेज' दिसलं तर नकली समजू नका, १९८९ पर्यंत तेच नाव होतं. १५ वर्षांवरच्या बाटल्या कंपनी स्वतःच्या क्लिनिकमध्ये तपासून नवीन बूचही लावून देते.

प्यायचीच असेल तर एक-दोन दिवस उभी ठेवा, जुनं बूच भुगा होतं म्हणून दोन पात्यांचा ओपनर घ्या, मानेखाली टॉर्च धरून हळूहळू ओता, काळा गाळ मानेत आला की थांबा. रंग कडेला विटकरी दिसेल, वास चामड्यासारखा, घाबरू नका, शिराझ द्राक्षाची वाईन म्हातारी झाली की अशीच होते. आणि फ्रीजमधली गार नको हं प्लीज.